बुरशीला ऊन

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कोल्हापुरात एका काळ्या बुरशीला बिघडवण्याच्या खटपटीत होते. पीएचडीसाठी. बुरशीच्या बीजाणूंवर अतिनील दिव्याचा मारा करायचा, त्यांच्या डीएनएत बिघाड घडवायचा आणि काळा रंग विसरलेली एखादी पांढरी बुरशी उगवते का ते बघायचं. उगवली तर पीएचडी. नाही तर वडिलांनी नेसरीचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. स्थळात काही खोट नव्हती, हीच अडचण होती.

आठ महिने झाले तरी बुरशी काळीच्या काळी. दर सोमवारी सकाळी मी काचेच्या बश्यांवर मारा करायची, त्या काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि तास घ्यायला जायची. अंधार हवाच होता. या बुरशीकडे एक दुरुस्ती करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि ते दिवसाच्या उजेडावर चालतं. उजेड मिळाला की ते बिघाड निस्तरून टाकतं. हे पुस्तकात वाचलं होतं म्हणून मी कापड दुहेरी केलं. गाईड म्हणाले, दिवा जुना असेल. दिवा बदलला. मग ते काही म्हणेनासे झाले. मी मात्र किती बीजाणू जगले ते दर आठवड्याला वहीत लिहीत होते. भलतेच जगत होते.

एका सोमवारी तीच वही विसरले म्हणून परत आले. माझ्या बश्या खिडकीत ओळीने मांडलेल्या, आणि आमचे शिपाईमामा शेजारी स्टुलावर बसून चिमण्या हाकत होते. मामा कळंब्याला, तुरुंगाच्या मागच्या बाजूला राहायचे.

"मामा, हे काय?"

"तासभर ऊन दाखवतोय, ताई. तुम्ही यायच्या आत परत ठेवतो की. जेलातबी माणसास्नी उन्हात काढत्यात. ह्यांनी तर काय गुन्हाबी केल्याला न्हाय."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला झाडू मारायला ठेवलंय, संशोधन करायला नाही," असं मी म्हणाले. शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं. मामा "व्हय" म्हणाले आणि बश्या कापडात नीट गुंडाळून ठेवल्या. माझ्यापेक्षा नीट.

पुढच्या खेपेला पांढरा ठिपका आला. गाईडनी तो बघितला, आधीच्या बश्यांना ऊन मिळत होतं हे माझ्याकडून ऐकलं, मग मागची वही चाळली आणि म्हणाले, "अंधारात एवढे मरतात आणि उजेडात एवढे जगतात. तुझ्याकडे आठ महिन्यांची तुलना आयती आहे. दुरुस्ती हाच विषय कर." केला. वडिलांनी नेसरीला नकाराचा निरोप धाडला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. प्रबंध बघून म्हणाले, "उजेडातले प्रयोग फार चिकाटीने झालेत. एकही सोमवार चुकलेला नाही. कुणी केले?"

मामा दारातून चहाचा ट्रे घेऊन येत होते.

"मीच," मी म्हणाले.

परीक्षकांनी मान डोलावली. मामांनी सगळ्यांना चहा दिला. माझ्यापुढे कप ठेवताना हळूच म्हणाले, "घ्या ताई. बोलून बोलून घसा सुकला आसंल."

मला इतकी लाज वाटली की तो चहा मी तसाच गरम गिळला.