लोकर खाणारी मेंढी

माझ्या पहिल्या बाळंतपणाची सगळ्यांत जास्त काळजी माझ्या सासऱ्यांना होती. खरं सांगायचं तर त्यातल्या घोंगडीची. कोकराची पहिली लोकर कातरतात, तिला आमच्याकडे जावळ म्हणतात. त्या मऊ लोकरीची घोंगडी नातवंडाच्या अंगाखाली पडलीच पाहिजे आणि लोकर मेंढरं कोंडतात त्या आपल्याच वाडग्यातल्या कोकरांची पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नवरा मुंबईत गिरणीत, सासूबाई आधीच देवाघरी गेलेल्या. माण तालुक्यातल्या त्या घरात मामंजी, मी आणि मेंढरं एवढाच संसार होता. त्यातही मामंजींचं बोलणं बहुतेक मेंढरांशीच चाले.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण माळावर गवत कसलं, नुसत्या काड्या. कातरणी जवळ आली आणि कोकरांच्या पाठीवर टकलं पडायला लागली. मामंजींना आधी शेजाऱ्यांचा संशय आला, मग नजरेचा. कोकरांच्या गळ्यात बिब्बे बांधून झाले. शेवटी एक म्हातारी मेंढी कोकराच्या पाठीवरची लोकर ओरबाडून खाताना सापडली. त्या दिवसापासून मामंजी तिला चोरटीच म्हणायला लागले.

दहिवडीला जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या, असं मी सुचवलं. चोराला कुणी दवाखान्यात नेतं का, असं ते म्हणाले, आणि कुरकुरत का होईना, निघाले. डॉक्टरांनी तिची पापणी उलटून पाहिली, तर ती पांढरीफटक. भिंती चाटते का, हाडं चघळते का, असं त्यांनी विचारलं. सुक्या चाऱ्यात क्षार नसतात. ते कमी पडले की मेंढी लोकर खाते आणि पोटात लोकरीचा गोळा अडकला तर मरतेसुद्धा, असं सांगितलं. चाटायला क्षारांची वीट दिली. बैलांचं मिश्रण मात्र मेंढरांना घालू नका, त्यातलं तांबं त्यांना सोसत नाही, असंही बजावलं.

मेंढरांच्या तोंडात जाईल ते आधी आपल्या जिभेवर, हा मामंजींचा नियम. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी वीट चाटली, तोंड वाकडं केलं आणि पास केली.

वीट वाडग्यात टांगून ठेवायची होती. मामंजींनी ती हातात धरून एकेकीला चाटवायला सुरुवात केली, देवळात तीर्थ देतात तशी. गुणाच्या मेंढ्या पुढे. चोरटी आली की वीट पाठीमागे. खोडीला बक्षीस कसलं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जिचं काही बिघडलं नव्हतं ती सुधारली आणि चोरटी कोकरांना सोलतच राहिली. माझ्या बाळाची घोंगडी दिवसेंदिवस तिच्या पोटात चालली होती, तरी मला राग यायचा तो मामंजींचाच.

एकदा मी बोललेच, "आवं मामंजी, जिचं दुखतंय तिलाच औषिद न्हाई, ही कसली रीत?"

त्यांनी मला परसातल्या भिंतीपाशी नेलं. मातीच्या भिंतीला चांगला खळगा पडला होता.

"बघ. भिंतबी खाल्ली तुज्या चोरटीनं."

खळगा माझ्या खांद्याच्या उंचीला होता. मामंजींनी तो पाहिला, मनात मेंढीची उंची धरून पाहिली, मग माझ्या नखांकडे पाहिलं. दिवस गेल्यापासून मातीचा वास आला की मला राहवत नसे. लाजेनं कुठं तोंड लपवावं ते कळेना. ते तसेच वाडग्यात गेले आणि वीट खांबाला टांगली, चोरटीच्या तोंडासमोर.

पुढच्या बाजारी त्यांनी गूळ-शेंगदाणे आणले आणि सरकारी नर्सबाईंकडून रक्तवाढीच्या गोळ्या. एक गोळी आधी स्वतः चाटली, तोंड वाकडं केलं आणि पुडी माझ्यापुढे सरकवली. "औषिद हाय. लपूनछपून खायाचं न्हाई."

चोरटीनं लोकर सोडली, मी भिंत. वाचलेल्या जावळाची घोंगडी सणगराकडून विणून आणली, पण ती आखूड भरली. लेकीचे पाय बाहेर राहायचे. कुणी विचारलं, की मामंजी माझ्याकडे न बघता सांगायचे, "तेवढी तिच्या आयनं खाल्ली."