काटलेला लसूण

आमच्या घरामागून पाण्याचा पाट जातो. त्याच्या कडेला तीन वाफे आहेत: दोन मेथी-कोथिंबिरीचे, एक लसणाचा. लसणाचं बी बायकोच्या माहेरचं, भीमाशंकराकडच्या डोंगरातलं. गड्डा लिंबाएवढा, पाकळ्या बारीक आणि तांबूस. सोलायला किचकट, पण एक पाकळी ठेचली तरी वास अंगणापर्यंत जातो. तिच्या माहेरी आता कुणी लसूण लावत नाही. भाऊ कारखान्यात नोकरीला लागले, शेत पडीक आहे. म्हणजे हे बी आमच्या या एका वाफ्यातच उरलेलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही दोघांनी वाफा लावला. ती पुढं पाकळ्या टोचत होती आणि मी मागून अंतर बघत होतो. दोन पाकळ्यांत चार बोटं.

"अवो, लसूण लावतोय आपण. सरकारी मोजणी न्हाई चालली," ती म्हणाली.

वाफ्यात तीनशे बारा पाकळ्या बसल्या. मंचरला एका अडत्याकडे मी हिशेब लिहितो, त्यामुळे समोर काही असलं की मोजलं जातं.

पौषात पुण्याला मुलीला मुलगा झाला आणि बायको तिकडं गेली. सव्वा महिन्यासाठी. एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना तिनं बजावलं, "लसणाचं बी तेवढं जपा. लावणीला मी येतेच." सव्वा महिना झाला तेव्हा मुलीची रजा संपत आली. बाळाजवळ कोण राहणार, हे कुणी विचारलंच नाही. जी होती ती राहिली. मला नोकरी सोडून जाता येत नव्हतं, आणि मुलीच्या त्या दोन खोल्यांत आणखी एक अंथरूण मावलं नसतं.

शिमग्यानंतर लसणाची पात पिवळी पडायला लागली, माना वाकल्या. मी पाणी तोडलं आणि एका रविवारी लसूण उपटला. आमचा सगळा मुलूख कांद्याचा. कांदा काढला की काटायचा, म्हणजे विळ्यानं पात कापून टाकायची, हे मी लहानपणापासून करत आलोय. विळा हातात आला आणि हात चालू झाला. बोटभर देठ ठेवून सगळा लसूण काटला, ओळीनं मांडला आणि तिला फोटो पाठवला.

लगेच फोन आला.

"अवो, पात कुठंय?"

"काटली."

"काटली? त्यो काय कांदा व्हता? आता जुडी कशाची बांधू, तुमच्या मिशीची?"

मागं मुलगी खळखळून हसली. मीही हसलो. मग तिनं विचारलं, "पात वाळली व्हती का हिरवी?"

"निम्मी हिरवी."

लसूण पातीसकट सावलीत वाळवतात. पातीतला रस गड्ड्यात उतरतो, मान सुकून घट्ट होते. मग त्याच पातीच्या जुड्या बांधून चुलीवर टांगतात; धुरानं तो पावसाळा काढतो. हे मी दरवर्षी घरात बघत होतो. बघत होतो एवढंच.

मग ती म्हणाली, "कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा अन् न्हाणीच्या चुलीवर टांगा. जगंल तेवढं जगंल."

दोनशे नव्वद गड्डे मी दोन पिशव्यांत भरून टांगले. उन्हाळ्यात मी गार पाण्यानं आंघोळ करतो. यंदा मे महिन्यातसुद्धा रोज चूल पेटवली. पाणी तापायचं, निवायचं, मग मी आंघोळ करायचो.

स्वैपाकाला मंचरच्या बाजारातून पांढरा जाडा लसूण आणत होतो. शेजारी एकदा दुपारी आला. बिबट्याच्या धास्तीनं आमच्याकडं दिवस मावळल्यावर कुणी कुणाकडं जात नाही. त्यानं पिशव्या पाहिल्या.

"भाऊ, खाणारं तोंड एक अन् लसूण एवढा? दोन गड्डे द्या की ठेच्याला."

"बियाणं आहे ते."

"राव, सोनं मागितल्यावानी तोंड केलं तुमी!"

मी त्याला बाजारातला लसूण दिला. तो घेऊन हसत गेला. तेवढंच त्या आठवड्यात घरात कुणी हसलं.

पावसाळ्यात दर रविवारी पिशव्या खाली उतरवून गड्डे दाबून बघायचो. काही आतून पोकळ झाले होते, काहींना काळी बुरशी. फोनवर ती मी जेवलो का हे नंतर विचारायची, आधी "किती राहिले?" गणपतीत एकशे वीस सांगितले. दसऱ्याला एक्केचाळीस. गड्ड्यात सरासरी आठ पाकळ्या धरल्या तर तीनशे अठ्ठावीस. वाफा भरून सोळा उरत होत्या. हा हिशेब मी दोनदा केला आणि मगच तिला फोन लावला.

"पुरतंय बी. पुऱ्या वाफ्याला पुरतंय. कधी येतेस?"

"लई बेस झालं बघा," ती म्हणाली. आवाजात खरंच आनंद होता. मग म्हणाली, "आसं करा, निम्मं हिकडं पाठवा. गॅलरीत कुंड्या आणल्यात. बाळ रांगाया लागलंय, मला आता हलता यायचं न्हाई."

मी बरं म्हणालो.

एकवीस गड्डे तिच्यासाठी निवडले, त्यातल्या त्यात मोठे. शेजाऱ्याचा भाजीचा टेम्पो पुण्याला जातो, त्याच्याबरोबर पिशवी दिली. वीस माझ्याकडं राहिले.

रविवारी लावायला बसलो. पाकळी टोचायची, चार बोटं मोजायची, पुढं सरकायचं. दोन्ही कामं एकालाच असल्यानं वेळ लागला. पाकळ्या संपल्या तेव्हा बरोबर निम्मा वाफा झाला होता.

संध्याकाळी तिचा फोन आला. कुंड्या लावून झाल्या होत्या.

"शेंडा वर ठिवला ना? न्हाईतर कांद्याचं रोप समजून कायतरी कराल."

"वर ठेवलाय."

"अन् उरलेल्या वाफ्यात मेथी टाका. रिकामा नका ठिवू."

मी हो म्हणालो, पण मेथी टाकली नाही. पाटाचं दार उघडलं तेव्हा मधे माती घालून पाणी लावलेल्या निम्म्यातच अडवायला हवं होतं. नाही अडवलं. सगळा वाफा भिजू दिला.