हिरव्या पेन्सिलीचा प्रश्न

गजकमधल्या भाजक्या तिळांचा वास आला की पडाव बाजारातलं ते मिठाईचं गोदाम आठवतं. मी नुकतीच एका सरांच्या हाताखाली ऑडिट शिकू लागले होते. खोक्यांच्या थप्प्या बाहेरूनच मोजल्या आणि कागदावर ऐटीत लिहिलं, "सगळं बरोबर." सर रागावले नाहीत. खाली हिरव्या पेन्सिलीनं फक्त विचारलं, "खोकं खोलून पाहिलं का?" दुसऱ्या दिवशी धुसफुसतच गेले आणि मागच्या रांगेतलं पहिलंच खोकं उघडलं. आत गजक नव्हती, नुसती रद्दी! धावत ऑफिसात येऊन सांगितलं, तर सर खुर्चीतून उठलेच. "अगं, कमाल केलीस!" म्हणाले आणि अख्ख्या ऑफिसला माझ्या नावानं गजक वाटली. आज माझ्या हाताखालच्या मुलीनं "सगळं बरोबर" लिहिलेला कागद पुढे केला. मी हसू दाबत पर्समधून हिरवी पेन्सिल काढली.