राहून गेलेला मान

आमची ऑरेलिया प्रूइट लुइव्हिल शहरात टीव्हीवर बातम्या द्यायला लागली, तेव्हा त्या स्टेशनच्या पडद्यावर आमच्या काळ्या रंगाची बाई दिसायची ती फक्त जाहिरातीत, दुसऱ्याचे कपडे धुताना. हे मुद्दाम सांगते, कारण हल्लीच्या पोरींना वाटतं की ती जन्मल्यापासून त्या खुर्चीवरच बसली होती.

बातम्या वाचायला ती शिकली आमच्या चर्चमध्ये. दर रविवारी सूचना वाचायचं काम तिचं. कोण आजारी आहे, कुणाचा अंत्यविधी कधी, तळलेले मासे विकून छपरासाठी पैसे कधी गोळा करायचे, सगळं. आजाऱ्याचं नाव चुकलं तर घरचे लोक फुगून बसायचे, म्हणून आदल्या दिवशी फोन करकरून ती प्रत्येकाचं नाव नीट विचारून घ्यायची. आणि आमच्याकडे कुणीही बोलायला उभं राहिलं की आधी मान द्यायचा. देवाला, पाळकसाहेबांना, चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन मंडळींना, 'मदर' म्हणतात त्या वडीलधाऱ्या बायकांना आणि शेवटी आम्हा अशरना. पांढरे हातमोजे घालून दाराशी उभ्या राहतो, लोकांना जागेवर बसवतो, त्या आम्ही. आमचा नंबर शेवटचा, पण असतो! मान न देता कुणी तोंड उघडलं, तर मदर टेम्पी गेन्स पहिल्या बाकावरून अशा खाकरायच्या की बोलणाऱ्याची बोबडी वळायची.

ऑरेलिया स्टेशनवर टायपिस्ट होती. संध्याकाळच्या बातम्या वाचणारा माणूस अचानक सोडून गेला, तेव्हा मॅनेजर हार्टविगसाहेब तिला म्हणाले, "तीन महिने बसवून बघतो तुला. गडबड केलीस तर परत टायपिंगला. आणि मग तुमच्यातल्या दुसऱ्या कुणाचं नाव काढायची माझी हिंमत होणार नाही."

त्या सकाळी ती माझ्या पार्लरमध्ये केस करून घ्यायला आली. माझं नाव लुव्हिनिया, चर्चमध्ये सिस्टर लुव्हिनिया, पण ती मला व्हिनीच म्हणायची.

"व्हिनी, माझ्या एकटीचं असतं ना, तर मी घाबरले नसते गं."

"मान हलवू नकोस, गरम कंगवा आहे, भाजेल," मी म्हटलं. 

संध्याकाळी निम्मी गल्ली पार्लरमध्ये टीव्हीपुढे. ऑरेलिया दिसली, निळ्या कोटात, मी केलेल्या केसांत. आणि तिने सुरुवात केली, "सर्वप्रथम देवाला मान, जो माझ्या जीवनाचा धनी आहे. आमचे पाळक रेव्हरंड ब्लेडसो, डीकन मंडळी, सर्व मदर..." आणि थांबली. डोळे हे एवढे मोठे झाले.

पार्लरमधल्या सगळ्या बायका सवयीने ओरडल्या, "आमेन!"

 डोक्यात कर्लर अडकवलेली सिस्टर ओझेला म्हणाली, "अगं बाई, संपलं की हिचं." ऑरेलियाने नदीला पाणी किती चढलंय ते वाचायला घेतलं. पुढे एक शब्द चुकला नाही, पण आमचं लक्ष कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. तिच्या रंगावरून शिव्या देणारे फोन येणार हे त्यांनी धरलंच होतं, आणि ते आलेही. पण नदीपलीकडच्या एका गोऱ्या शेतकरीण बाईचा फोन आला, "तिने स्वतःच्या पाळकाचं नाव घेतलं, मग आमच्या पाळकाने काय घोडं मारलंय?" मग तसलेच फोन सुरू झाले. साहेब डोकं धरून म्हणाले, "हे लोक माझ्याशी तुझ्या पाळकावरून भांडतायत! म्हणजे बघतायत तरी. जा, बस आज. पण पुन्हा इथे चर्च भरवलंस तर बघ."

रविवारी ऑरेलिया मान खाली घालून आली. मदर टेम्पींनी तिला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील.

"पोरी, अशर राहिल्या."

"मदर, नोकरी जाईल म्हणून घाबरले हो."

"ते दिसलं आम्हाला. पण मान अर्धा ठेवत नाहीत. कधीतरी पुरा कर."

मी खूप हसले. पण खरं सांगते, मला लागलं होतं. केस मी करायचे आणि नाव सगळ्यांचं घ्यायचं! त्यानंतर ती खुर्चीत बसली की मी सुरू, "आल्या बाईसाहेब, अशरना विसरणाऱ्या."

"अगं, नोकरी चालली होती माझी!"

"नोकरी राहिली. आमचा मान गेला."

तीन महिने कधी संपले ते साहेबही विसरले. वादळात आमच्या वेस्ट एंड वस्तीची छपरं उडाली, तेव्हा गेलेल्या माणसांची नावं तिने वाचली, प्रत्येक घरी फोन करून, नीट विचारून. तिच्यामागून आमच्या आणखी पोरी त्या स्टेशनात लागल्या. सगळ्यांचे केस मीच करते, त्यामुळे मला ठाऊक. मदर टेम्पी गेल्या, रेव्हरंड गेले, माझे गुडघे गेले, तरी मी दाराशी उभी राहतेच.

ऑरेलियाच्या शेवटच्या बातम्यांना पार्लर पुन्हा भरलं. हवामान झालं. तिने हातातले कागद खाली ठेवले.

"पहिल्या दिवशी इथे माझं एक वाक्य अर्धं राहिलं होतं," ती म्हणाली. "आज ते पुरं करते. दाराशी उभ्या राहणाऱ्या आमच्या अशरना मान. आणि सिस्टर लुव्हिनियाला, जिने मला हे कधी विसरू दिलं नाही."

"आमेन!" पार्लर दणाणलं.  माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला.

जरा वेळाने फोन वाजला.

"झालं का समाधान?" ऑरेलिया विचारत होती.

"नाव नीट घेतलंस," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.