नवसाचे केस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज तरी शेवटापर्यंत सांगवेल का — बघू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी पाचवीची वर्गशिक्षिका होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती. मुख्याध्यापक शिस्तीचे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखं, बूट, चड्डीची इस्त्री तपासायचे. मुलाचे केस कानावर आलेले दिसले, की खिशातून कात्री निघायची.

माझ्या वर्गात दीपक होता, कोडोलीहून एसटीनं येणारा. मानेवर रुळणारे केस टोपीत कोंबून यायचा. पोरं त्याला ‘दीपा’ म्हणून चिडवायची. केस कापून ये म्हणून मी त्याला दटावलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची आईच आली. धाकटी लेक दवाखान्यात होती, काळजाला भोक. ती बरी होऊन घरी आली की दीपकचे केस जोतिबाला द्यायचे, असा तिचा नवस.

“तवर कातर लागू दिऊ नगा बाई. मोठ्या सरांस्नी तेवढं सांगा की.”

“सांगते,” मी म्हणाले.

सांगितलं का? सरांच्या दारापर्यंत गेले. आत ते कुणावर तरी ओरडत होते. उद्या सांगू, म्हटलं. उद्याचा परवा झाला — आणि सोमवार आला.

सरांनी दीपकची टोपी काढली, तसे केस मानेवर सुटले.

“बाईस्नी ठावं हाय, सर,” दीपक म्हणाला.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी — मी मान हलवली. नाही म्हणून. कात्री चालली. दीपक रडला नाही. पडलेले केस गोळा करून खिशात भरत राहिला.

त्याच आठवड्यात धाकटी गेली.

मी विज्ञान शिकवायचे. केस कापल्यानं काळीज बंद पडत नाही, एवढं मला कळतं. पण मला सांगायचंय ते हे नाहीच.

काही दिवसांनी त्याची आई आली, दीपकला दंडाला धरून. डोळे कोरडेठाक.

“तुमी सरांस्नी सांगिटलं हुतं न्हवं? ह्यो म्हणतोय, न्हाई.”

मोठ्या सरांच्या खोलीत जायचं धाडस ती करणार नाही, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, “सांगितलं होतं. पण यानंच कापून घेतले. पोरं चिडवतात म्हणून.”

तिनं त्याचा दंड सोडला. मारलं नाही — नुसता सोडला. दीपक माझ्याकडं बघत होता. रागानं बघितलं असतं तर बरं, नाही का? तो आठवून बघत होता. ते केस त्याला नको झालेच होते. आपणच सरांना ‘कापा’ म्हणालो का, असं तो स्वतःला विचारत होता. माझ्यासमोर त्याला ते पटत गेलं.

तो पुन्हा शाळेत आला नाही. मी कायम झाले.

पुढं काही वर्षांनी कोडोलीच्या स्टँडवर त्याची आई भेटली. दीपक कसा आहे, मी विचारलं. कशाला विचारलं?

“बहिणीला खाल्लं त्यानं, बाई. त्येचं त्योच म्हणायचा. गेला घर सोडून. कुठं हाय, ठावं न्हाई.”

स्टँडवर गर्दी नव्हती. एसटीला वेळ होता. आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो.

मी तिला काहीही सांगितलं नाही.