दत्तारामचा मोठा घोडा

चहाच्या टपरीवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाळणीत चोथा साठतो तसे ते साठतात. रोज झटकून टाका, दुसऱ्या दिवशी गाळणी पुन्हा भरलेली! माझी टपरी भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या कडेला. वीस-बावीस वर्षं झाली. माझ्या बाकड्यावर लोकांनी सोयरिकी जमवल्या, मोडल्या, निवडणुका जिंकल्या, हरल्या. पण आमच्या कंपूतले किस्से आठवायला बसलो की सगळे एकाच प्रश्नाचे निघतात. मोठा घोडा कोणाला म्हणायचं?

हसू नका. ह्या प्रश्नापायी माझ्या टपरीतले दोन ग्लास फुटलेत.

कंपू म्हणजे तिघेच. मी, अस्लमभाई आणि दत्ताराम. अस्लमभाईकडे बादशाह, पांढराशुभ्र, लग्नाच्या वरातीला जाणारा. दत्तारामकडे शेवंती, तांबूस रंगाची, किनाऱ्यावर पोरांना फेरी मारून आणणारी. होती घोडी, पण धंद्यात सगळ्यांना घोडाच म्हणतात. कोणी विचारलं, "घोडा केवढा आहे ओ?" की दत्तारामचा उजवा हात वर जायचा तो थेट त्याच्या टोपीच्याही वर. "एवढा!"

शेवंती त्याच्या छातीला लागायची.

आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणते, मी मुळात रडक्या स्वभावाचा. असेन. पण हे किस्से मला आता हसत सांगता येतील असं वाटत नाही.

* * *

एकदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचे एक साहेब आले. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. लांबूनच विचारलं, "काका, मोठा घोडा नाही का?"

"हाच मोठा," दत्ताराम बोलला. "लांबून बघताय ना, म्हणून बारका दिसतो. जवळ या."

साहेब जवळ आले. नीट बघितलं. "जवळूनही लहानच आहे हो."

तेवढ्यात मुलीने मान वर करून शेवंतीकडे बघितलं आणि बापाच्या पायाला मिठी मारली. "बाबा, केवढा मोठा घोडा! मला भीती वाटते!"

"बघा!" दत्ताराम ओरडलाच. "बसणारीला विचारा. तुम्ही नुसते बघे!"

मुलगी काही बसली नाही. भाडं गेलं. तरी तो दिवसभर किनाऱ्यावर शीळ घालत फिरत होता.

* * *

अस्लमभाईचं मत वेगळं. "नवरा बसला की त्याला ओवाळायला बायकांना टाचा उंच कराव्या लागतात, तो मोठा घोडा. बाकी सगळे तट्टू!"

तट्टू म्हटलं की दत्ताराम अर्धा चहा टाकून उठायचा.

एका सीझनला मिरजोळ्यात लग्न होतं आणि नेमकी आदल्या दिवशी बादशाहच्या पायाची नाल निघाली. पाय टेकेना. अस्लमभाई नाक मुठीत धरून दत्तारामकडे गेला आणि शेवंतीला घेऊन निघाला. नवरा नाटे गावचा, बोटीवर नोकरीला, सहा फुटांच्या वर. तो शेवंतीवर बसला तर बुटांची टोकं रस्त्याला लागायला आली! मांडवासमोर बॅण्ड सुरू झाला, शेवंती दचकली, नवऱ्याने घाबरून दोन्ही पाय खाली टेकले आणि सरळ उभा राहिला.

"आणि मग?" मी अस्लमभाईला विचारलं.

"मग काय! घोडी त्याच्या तंगड्यांमधून निघाली ती मांडवात. नवरा फेटा बांधून रस्त्यात उभा. सासूबाईंनी घोडीलाच ओवाळलं!"

मी तिथे नव्हतो. अस्लमभाईच्या गोष्टीत निम्मं तरी खोटं असतं. पण बाकड्यावरचे सगळे पोट धरून हसले आणि दत्तारामने पहिला ग्लास फोडला. किस्सा गावभर झाला. त्यानंतर शेवंतीला वरातीचं एकही बोलावणं आलं नाही, एवढं मात्र खरं. मी अस्लमभाईला ह्याबद्दल तोंडावर शिव्या दिल्यात. तो फक्त चहा पीत राहिला.

* * *

एकदा वाद फारच पेटला तेव्हा मी आमच्या मंडळींना विचारलं. ती मागे भांडी घासत होती. म्हटलं, "तू सांग गो, मोठा घोडा कुठला?"

मान वर न करता बोलली, "टपरीसमोर ज्याची लीद मला झाडायला लागते, तो मोठा घोडा. आणि ती दोघांचीही सारखीच असते!"



* * *

मग एका मे महिन्यात कोणीतरी किनाऱ्यावर उंट आणला. गळ्यात घुंगरू, पाठीवर आरशांची झूल. सगळी गिऱ्हाइकं तिकडे. बादशाहकडेसुद्धा कोणी फिरकेना. अस्लमभाई बाकड्यावर तोंड पाडून बसलेला, आणि दत्तारामच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी.

"काय अस्लम? आता बोल, मोठा कोण?"

"उंट म्हणजे घोडा नाय."

"नसू दे. तुझा बादशाह त्याच्यापुढे काय दिसतो ते सांग."

अस्लमभाईने बराच वेळ बघितलं. "तट्टू," तो बोलला.

त्या दिवशी दोघे एका ग्लासातला चहा अर्धा-अर्धा प्यायले. उंट पावसाच्या आधी निघून गेला. पण गिऱ्हाईक पुन्हा पहिल्यासारखं आलं नाही. पोरांना आता वाळूतल्या मोटारगाड्या हव्यात. घोडा लहान का मोठा, हे विचारणारंच कोणी उरलं नाही. वाद घालायचे ते हे दोघेच.

* * *

गेल्या वर्षी शेवंती मागच्या पायाने लंगडायला लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कोल्हापूरकडच्या, तरुण, कामाला चोख. पाय बघितला, दात बघितले, मग टेप काढली आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत लावली.

"मॅडम, डोकं राहिलं ना!" दत्ताराम बोलला.

"डोकं धरत नाहीत, काका. घोडा खांद्यापर्यंतच मोजायचा असतो. मान वर-खाली होते ना."

"मग तुमची उंची काढताना पण मान सोडतात काय?"

बाई हसल्या. पण कागदावर लिहिलं होतं, तट्टू. दत्तारामने ते वाचलं आणि कागद परत पुढे केला. "हे खोडा."

"काका, नियमाने..."

"मॅडम, चोवीस वर्षं हिने मला जेवायला घातलंय. खोडा."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, शेवंतीकडे बघितलं. तट्टू खोडून घोडी लिहिलं. जाताना माझ्या टपरीपाशी थांबल्या आणि हळूच बोलल्या, "त्यांना सांगा, आता हिच्यावर कोणाला बसवू नका. दात पार झिजलेत. फार दिवस नाहीत हिचे."

मला ते चार दिवस सांगताच आलं नाही. पाचव्या दिवशी कसंबसं बोललो. दत्ताराम समुद्राकडे बघत होता.

"ठाऊक हाय मला," तो बोलला. "वर्षभर भुसा भिजवून घालतोय मी तिला. चावतच नाय ती."

* * *

दत्तारामची बायको कधीच गेली. मुलगा नितीन विरारला असतो, कंपनीत कामाला. पोरगा वाईट नाही, बापाची काळजी आहे त्याला. शिमग्याला आला तेव्हा माझ्या बाकड्यावर बसूनच बोलला, "बाबा, एकटे किती दिवस राहणार? चला माझ्याकडे. हिला आता कोण मोठा घोडा म्हणणार? द्या कोणाला तरी."

आता भडकतो, म्हणून मी बाकड्यावरचे रिकामे ग्लास बाजूला घेतले. पण दत्ताराम शांतपणे बोलला, "तू पाच वर्षांचा होतास. हिच्यावरनं खाली उतरवलं की भोकाड पसरायचास. मोठा घोडा, मोठा घोडा करत निजायचास. तेव्हा मोठी होती, आणि आता बारकी झाली? घोडी आटली काय रे?"

 नितीन म्हणाला, "बाबा, मी मोठा झालो."

दत्तारामने दुसरा ग्लास तेव्हा फोडला. मुद्दाम नव्हे, हातातून सुटला.

"ती हाय तोवर मी इथनं हलणार नाय," तो बोलला.

"आणि नंतर?"

"नंतर येईन."

शब्द दिला.  विरारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या मी बघितल्यात. खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. म्हणजे शेवंतीचे जेवढे दिवस, तेवढेच दत्तारामचे भाट्यात. दोघांचा हिशेब एकच झाला होता, आणि मी रोज सकाळी आधी तिच्याकडे बघायचो, मग स्टोव्ह पेटवायचो.

* * *

ह्या श्रावणात एका सकाळी शेवंती उठली नाही.

दत्ताराम पावसात भिजत टपरीवर आला, बाकड्यावर बसला आणि बोलला, "गेली." मी चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

नितीनला फोन केला. तो बिचारा रडला. मग म्हणाला, "बाबा, शनिवारी न्यायला येतो." दत्ताराम "ये" एवढंच बोलला.

आता तिला पुरायचं कुठे? वाळूत पुरून उपयोग नाही, उधाण आलं की समुद्र वर काढतो. वर सड्यावर, गावामागच्या पठारावर, माझी काजूची दहा-बारा झाडं आहेत, तिथे न्यायचं ठरलं. अस्लमभाईने बादशाहला वरातीला न्यायचा टेम्पो आणला. आम्ही सात-आठ जणांनी मिळून शेवंतीला आत ठेवलं, वर ताडपत्री टाकली.  

सड्यावर हातभर माती आणि खाली नुसता जांभ्याचा कातळ. जेसीबी बोलावला होता. ऑपरेटर बाहेरगावचा, आम्हाला कोणालाच न ओळखणारा. त्याने काचेतून डोकं बाहेर काढलं, ताडपत्रीकडे बघितलं.

"घोडा केवढा आहे ओ? बारका असेल तर ह्या मातीतच भागवतो, तासाभराचं काम. मोठा असेल तर कातळाला ब्रेकर लावायला लागेल. संध्याकाळ होईल."

आम्ही दत्तारामकडे बघितलं. सवयीने त्याचा उजवा हात उचलला गेला. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. 

"एवढी," तो बोलला. "एवढीच होती ओ."

अस्लमभाई पुढे झाला. त्याने दत्तारामचं मनगट धरलं आणि तो हात वर नेला. हनुवटीच्या वर, कपाळाच्या वर, भिजलेल्या टोपीच्याही वर, आणि तिथेच धरून ठेवला.

"एवढा!" तो ऑपरेटरवर ओरडला. "ब्रेकर लाव!"