कुत्र्यापुढची रांग

कुत्र्यानं माझ्या लुगड्याला नाक लावलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. शेजारी सासू. पलीकडे आमच्या बौद्धवाड्यातल्या पाच बाया. सगळ्या कापूस वेचायला आलेल्या. समोर मालकाचा पोरगा, हातात मोत्या कुत्र्याची साखळी. बांधावर गावातली चार टगी पोरं बसून हसत होती.

मळ्यातल्या रांजणावरचा पितळी तांब्या नाहीसा झाला होता. म्हणून ही रांग.

ही अक्कल मालकाच्या पोराला सिनेमातून आली होती. आखाडा बाळापूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा लागला होता. पोलिसाच्या कुत्र्याचा, हाणामारीचा, हसायचा. आम्हीही गेलो होतो. पुढं मातीत बसलो होतो, मालक लोक मागं खुर्च्यांवर. कुत्रं वास घेऊन चोर धरायचं. गळ्यात बिल्ला घालून साहेबाच्या गाडीत बसायचं. साहेब गोरा, साहेबाची बायको गोरी, आणि चोर तेवढे सगळे काळे, फाटके, आमच्यासारखे. एक झाडूवाला होता. त्याला काम एवढंच, की कुत्रं मागं लागलं की पळायचं आणि धोतर फाडून घ्यायचं. तीन वेळा फाडलं. तिन्ही वेळा सगळा तंबू हसला. कुत्र्याला नाव होतं. झाडूवाल्याला शेवटपर्यंत नव्हतं.

आणि मीही हसले होते. पोट धरून. हे सांगताना आजही माझी मलाच शिसारी येते.

पोरानं रांजणावरचं फडकं मोत्याच्या नाकाला लावलं. थेट त्या साहेबाच्या ऐटीत. मोत्या रांगेवरून फिरला, एकेकीला हुंगलं, आणि वळून त्या पोराच्याच पायाशी जाऊन बसला. शेपूट हलवत.

जाणारच. त्या फडक्याला आमचा हात कधी लागलाच नव्हता. तांब्याला तर नाहीच. तहान लागली की आम्ही ओंजळ धरायची आणि या पोरानं वरून पाणी ओतायचं. आम्ही शिवलो तर जो तांब्या विटाळतो, तो म्हणे आम्ही चोरून घरी नेला!

पोरानं मोत्याच्या कमरेत लाथ घातली.

"येडं हाय हे. परत उभ्या ऱ्हा गं! पदर झटकून दावा."

सासू पदर झटकायला लागली. साठीची बाई. "न्हाई मालक, आमच्यापाशी न्हाई," असं त्या मिसरूड फुटलेल्या पोराला हात जोडून म्हणत होती. तंबूतलं हसू आठवलं. मी तिचा हात धरला आणि रांगेतून बाहेर आले.

"काहून निघालीस?" तो ओरडला. "चोर तूच दिसतीस!"

"कुत्र्यानं बराबर दावलं न्हाई का मालक?" मी म्हटलं. "ज्याला दावलं त्याला उभं करा रांगंत."

त्यानं साखळी उगारली. पण मी मागं सरले नाही.

"मारा. पन मी उभी ऱ्हानार न्हाई."

मारलं. दंडावर वळ उठला. बाकीच्या पाच जणी जागच्या हलल्या नाहीत. त्या हंगामात गावातल्या एकाही मळ्यात आम्हा दोघींना काम मिळालं नाही. सासू कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. वाड्यातलीच एक बाई दारात येऊन म्हणाली, "तुझ्या तोंडापायी आमाला तकलीफ." तिलाही मी तेच सांगितलं, "मी रांगंत उभी ऱ्हानार न्हाई."

तांब्याचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही. कुठंही माणसं रांगेत उभी दिसली की मी आधी पाहते, उभं कोण आहे आणि बसून कोण हसतंय. उभी असलेली आमची असली, तर ती रांग मी मोडणार. एकटी असले तरी मोडणार.